कोंबड्यांच्या राखणीसाठी कुत्रा: आधी जाळी, मग ओळख, मोकळीक सर्वांत शेवटी

राखणीला म्हणून कुत्रा आणला आणि त्यानेच कोंबड्या मारल्या, ही तक्रार सतत ऐकू येते. दोष बहुतेक वेळा कुत्र्यात नसतो, आपण धरलेल्या क्रमात असतो. पिल्लू आणायचे, आठ-पंधरा दिवसांत कोंबड्यांमध्ये सोडून द्यायचे, काही महिने सगळे छान चालले की निर्धास्त व्हायचे, आणि पिल्लू वयात आले की एका सकाळी अंगणभर पिसे. मग कुत्र्याला मार, साखळी, किंवा थेट हकालपट्टी.

मुळातला गैरसमज असा की जितका रागीट कुत्रा तितकी चांगली राखण. कोंबड्यांच्या बाबतीत हे साफ उलटे आहे. राखणदार कुत्र्याचे बहुतेक काम म्हणजे कोंबड्यांजवळ शांत पडून राहणे, हद्दीवर फिरणे, जागोजागी मुतून आपला वास सोडणे आणि योग्य वेळी भुंकणे. शिकारी जनावर त्या वासाने आणि भुंकण्यानेच वाट बदलते. झटापटीची वेळ क्वचित येते. फडफडणारी कोंबडी पाहूनही जागचा न हलणारा कुत्रा घडवायला दीड ते दोन वर्षे लागतात. पुढचे टप्पे त्या हिशेबाने मांडले आहेत. एखादा टप्पा लांबला तर लांबू द्या, पण गाळू नका.

टप्पा १. कोंबड्या कोण नेतो ते आधी शोधा

शत्रू कोण हे न ओळखता कुत्रा आणला तर पुष्कळदा नको त्या कामाला नको तो उपाय होतो. मेलेल्या किंवा नाहीशा झालेल्या कोंबडीची जागा उजाडताच पाहा, कोणी पाय फिरवण्याआधी.

- अख्खी कोंबडी गायब, पिसांचे एक-दोन पुंजके आणि कुंपणाकडे ओढत नेल्याची रेघ: कोल्हा किंवा खोकड. वेळ बहुधा संध्याकाळ ते पहाट.
- लहानशा फटीतून आत शिरून मानेवर चावे, एकापेक्षा जास्त कोंबड्या मेलेल्या, घटना दिवसाची: मुंगसाचा संशय घ्या.
- रात्री छपराकडून प्रवेश, डोके किंवा मान खाल्लेली: उदमांजर किंवा रानमांजर.
- उघड्या जागेवर गोलाकार उपटलेली पिसे, वेळ दिवसाची: शिकारी पक्षी. पिल्ले उचलली जात असतील तर घार किंवा शिक्रा.
- अंडी किंवा लहान पिल्ले नाहीशी, झटापटीची काहीच खूण नाही: साप, घोरपड किंवा घूस. घुशीचे बीळ खुराड्याच्या भिंतीलगत सापडते.
- बऱ्याच कोंबड्या फाडून टाकलेल्या, पण खाल्लेल्या नाहीत: मोकाट कुत्री, नाहीतर घरचाच कुत्रा.

कोल्हा, खोकड, रानमांजर, मुंगूस, मोकाट कुत्री यांना राखणीचा कुत्रा चांगला आवर घालतो. घारीवर भुंकायला काही कुत्री शिकतात, सगळी नाही. साप आणि घुशी या कामी कुत्र्यावर भिस्त ठेवू नका. सापाच्या बाबतीत तर कुत्राच जिवाला मुकतो.

सावधान: परिसरात बिबट्याचा वावर असेल तर एकटा कुत्रा रात्री बाहेर ठेवणे म्हणजे बिबट्याला निमंत्रण. कुत्रा हे त्याचे आवडते भक्ष्य आहे. अशा ठिकाणी रात्री कोंबड्याही बंद आणि कुत्राही पक्क्या, छत असलेल्या जागेत बंद. खिळ्यांचा पट्टा मानेला थोडे संरक्षण देतो, पण तेवढ्या भरवशावर कुत्रा बाहेर सोडू नका. लांडग्यांची टोळी फिरत असेल तिथेही एका कुत्र्याने भागत नाही.

टप्पा २. पिल्लू आणण्याआधी जाळी आणि खुराडे पक्के करा

कुत्रा हा कुंपणाला पर्याय नाही. जाळी शिकाऱ्याला अडवते, तेवढ्या वेळात कुत्रा पोहोचतो. दोन्ही मिळूनच राखण होते.

बारीक तारेची षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही. कोल्हा किंवा कुत्रा ती दाताने फाडतो. खुराड्याच्या खालच्या भागाला आणि खिडक्यांना साधारण १२ मिलिमीटर चौकटीची वेल्डेड जाळी लावा. जमिनीलगत जाळी बाहेरच्या बाजूला ३० ते ४५ सेंटिमीटर आडवी पसरून मातीने किंवा दगडांनी दाबा. उकरणारे जनावर भिंतीच्या पायाशी उकरायला सुरुवात करते आणि खाली जाळी लागली की थांबते. दाराला नुसती फिरती कडी नको, खिट्टी घाला.

याशिवाय दोन गोष्टी लागतात आणि त्या हमखास राहून जातात. पहिली, खुराड्याला लागून पिल्लासाठी वेगळा कप्पा, मध्ये जाळी, म्हणजे दोघांना एकमेकांचे दर्शन आणि वास मिळेल पण स्पर्श होणार नाही. दुसरी, संपूर्ण आवाराला बाहेरचे कुंपण. त्याशिवाय राखणदार कुत्रा आपली हद्द स्वतःच ठरवतो, आणि ती शेजाऱ्याच्या कोंबड्यांपर्यंत जाऊ शकते.

तपासा: हाताची मूठ शिरेल अशी एकही फट उरलेली नाही ना? मुंगसाला त्याहूनही कमी जागा पुरते, त्यामुळे मुठीपाशी समाधान मानू नका. दोन बोटे जातील तीही फट बुजवा.

टप्पा ३. कुत्रा निवडताना जातीच्या नावाआधी आई-बाप पाहा

मारेम्मा, ग्रेट पिरेनीज, अ‍ॅनाटोलियन शेफर्ड, कंगाल या जाती जनावरांच्या राखणीसाठीच पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या गेल्या. पण त्या अंगाने मोठ्या आणि दाट केसांच्या. उष्ण हवेत त्यांचे हाल होतात. गुरे, शेळ्या, मेंढ्या राखणाऱ्या स्थानिक कुत्र्याच्या वेतातले शांत पिल्लू अनेकदा जास्त उपयोगी पडते. आई-बाप जनावरांमध्ये मोकळे फिरतात का, कोंबडी जवळून गेली तर ते काय करतात, हे डोळ्यांनी पाहा.

ज्यांच्या रक्तात पाठलाग आहे अशी शिकारी कुत्री या कामाला घेऊ नका. मेंढ्या हाकणारी कुत्रीही वेगळी: त्यांचे काम डोळे रोखून जनावराला हलवणे, राखणदाराचे काम जनावराला न हलवणे.

वेतातले सर्वांत दांडगट पिल्लू घेऊ नका, सर्वांत भित्रेही नको. टाळी वाजवली की दचकून पुन्हा स्वतःहून जवळ येणारे, उचलल्यावर थोडे वळवळून शांत होणारे पिल्लू निवडा. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. कुठे थांबायचे, किती जोराने चावायचे हे ते भावंडांकडूनच शिकते.

एकाच वेळी दोन पिल्ले आणण्याचा मोह फार होतो. टाळा. दोघे एकमेकांत रमतात, कोंबड्यांशी आणि तुमच्याशी नाते जुळत नाही, आणि दोघांनी मिळून केलेला पाठलाग एकट्याने केलेल्यापेक्षा लवकर शिकारीत बदलतो.

टप्पा ४. लस, जंत आणि खाद्याची सोय

पशुवैद्याकडून वेळापत्रक लिहून घ्या. साधारणपणे पार्वो, डिस्टेंपर वगैरे जीवघेण्या विषाणूरोगांच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होऊन दर तीन-चार आठवड्यांनी, १६ आठवड्यांपर्यंत चालतात. रेबीजची लस तिसऱ्या महिन्याच्या सुमारास आणि एक वर्षाने पुन्हा. कोल्हे आणि मोकाट कुत्र्यांशी ज्याची गाठ पडणार, त्या कुत्र्याची रेबीजची लस चुकवणे म्हणजे घरातल्या सर्वांचा जीव धोक्यात घालणे. जंतांचे औषध लहानपणी दर दोन आठवड्यांनी, पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला देतात.

कोंबड्यांचे खाद्य कुत्र्याच्या तोंडी लागणार नाही अशा झाकणाच्या पिंपात ठेवा. काही कोंबडीखाद्यात रक्ती हगवणीविरुद्ध मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन यांसारखी औषधे मिसळलेली असतात. कोंबड्यांना ती चालतात, कुत्र्याला विषारी ठरू शकतात: मागचे पाय लुळे पडणे ही त्याची एक खूण.

कुत्र्याचे जेवण कोंबड्या पोहोचणार नाहीत अशा बंद जागीच द्या. वाडग्याशी आलेल्या कोंबडीला कुत्रा झटका देतो, कोंबडी मरते, आणि आपण म्हणतो कुत्रा शिकारी निघाला. तो फक्त आपले अन्न राखत असतो. पंधरा मिनिटांनी उरलेले उचलून घ्या.

सावधान: मेलेली कोंबडी, कापताना निघालेली आतडी, फुटकी अंडी कुत्र्याला कधीही देऊ नका. एकदा चव आणि वास यांचा संबंध जुळला की तुमचे महिन्यांचे काम पाण्यात गेले. शिवाय बर्ड फ्लूने मेलेला पक्षी खाऊन कुत्र्यालाही लागण होऊ शकते. मेलेले पक्षी खोल पुरा, वर चुना टाका.

टप्पा ५. आठ ते सोळा आठवडे: जाळीआडची ओळख

पिल्लाच्या मनात आपले कोण हे याच काळात ठरते. म्हणून पिल्लू पहिल्या दिवसापासून खुराड्याशेजारच्या कप्प्यात राहू द्या, घरात नको. ते घरात माणसांच्या मांडीवर वाढले तर पुढे राखणीला बसवल्यावर ते दाराशी येऊन रडते. याचा अर्थ त्याला एकटे टाकून द्यावे असा नाही. रोज हात लावा, कान-दात-पंजे तपासा, नावाने हाक मारून बोलवा. पशुवैद्याला अंगाला हात लावू न देणारा राखणदार काही कामाचा नाही.

जाळीपलीकडे कोंबड्या चरत असताना पिल्लू पाहत असेल तर त्याच्याजवळ बसा. ते नजर वळवते, जमीन हुंगते, जांभई देते, आडवे होते: लगेच हळू आवाजात शाबासकी आणि खाऊचा तुकडा. जाळीवर उडी मारते, भुंकते: बोलू नका, ओरडू नका, उचलून चार पावले मागे न्या आणि शांत झाल्यावर पुन्हा आणा. ओरडल्याने पिल्लाला एवढेच कळते की कोंबड्या म्हणजे काहीतरी उत्तेजक प्रकार आहे.

याच काळात त्याला तीन शब्द पक्के शिकवा: ‘ये’, ‘थांब’, ‘सोड’. घरातल्या सर्वांनी तेच शब्द वापरायचे. एक जण ‘नको’ म्हणतो, दुसरा ‘ए’ म्हणतो, तिसरा टाळी वाजवतो, अशा घरात कुत्रा काहीच शिकत नाही.

तपासा: कोंबड्या समोर असताना पिल्लू दहा मिनिटे जाळीपाशी आडवे पडून राहते का? सलग आठवडाभर राहत असेल तरच पुढे.

टप्पा ६. दोरीवरची भेट

सुरुवात कोंबडीच्या लहान पिल्लांपासून करू नका आणि पिल्ले घेऊन फिरणाऱ्या कोंबडीपासून तर मुळीच नाही. ती अंगावर येते, कुत्र्याच्या डोळ्याला इजा होते आणि पिल्लांची पळापळ कुत्र्याला चेतवते. दोन-चार प्रौढ, निबर, माणसाला सरावलेल्या कोंबड्या घ्या. पिल्लाला आधी फिरवून, खेळवून दमवा. मग आखूड दोरीवर आत न्या, दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून दोनदा. दोरी सैल राहिली पाहिजे. ताणलेली दोरी कुत्र्याला पुढे खेचायलाच शिकवते.

या भेटीत तुमचे लक्ष कोंबड्यांवर नको, कुत्र्याच्या अंगावर हवे. शेपूट ताठ, कान पुढे, तोंड बंद, नजर एका कोंबडीवर खिळलेली आणि शरीर थिजलेले: हा पाठलागाच्या आधीचा क्षण आहे. उडी मारल्यावर ‘नको’ म्हणण्यात काही अर्थ नसतो, या क्षणीच ‘सोड’ म्हणून त्याला वळवायचे असते. पुढचे पाय खाली टेकवून मागचा भाग वर करणे हे खेळाचे बोलावणे. ते गोड दिसते म्हणून लोक हसतात आणि चालू देतात. कोंबड्या मरतात त्या बहुतेक अशा खेळातच. कुत्र्याला तिला खायचे नसते, ती फडफडते म्हणून त्याला तोंडात धरायची असते, आणि तेवढ्याने तिचा जीव जातो.

दोन-तीन आठवडे चुकांविना गेले की पाच ते दहा मीटरची लांब दोरी बांधून तिचे टोक जमिनीवर सोडा. तुम्ही आसपास घमेले भरा, पाणी बदला, अंडी गोळा करा. कुत्र्याला शिकायचे असते ते हेच रोजचे, कंटाळवाणे काम.

सावधान: मेलेली कोंबडी कुत्र्याच्या गळ्यात बांधण्याचा उपाय अजूनही सांगितला जातो. तो क्रूर आहे आणि निरुपयोगीही. कुत्रा दोन दिवस कुजक्या वासाने हैराण होतो. त्या वासाचा त्याच्या कालच्या कृत्याशी काही संबंध आहे हे त्याला समजत नाही. मारल्यानेही तेच: तो तुमच्यासमोर कोंबडीला शिवत नाही, पाठ फिरल्यावर शिवतो.

टप्पा ७. सहा ते अठरा महिने: फसवा काळ

बहुतेक कोंबड्या या काळात जातात. चार-पाच महिन्यांचे पिल्लू इतके शहाणे वागते की आपण दोरी सोडून देतो. मग अंगात ताकद येते, वय येते, आणि तोच कुत्रा पाठलाग करू लागतो. तो बिघडलेला नाही, अर्धवट वयाचा आहे. या काळात नियम एकच: माणूस हजर नसेल तर कुत्रा आणि कोंबड्या यांच्यामध्ये जाळी.

त्याची ताकद कुठेतरी खर्च झाली पाहिजे. सकाळ-संध्याकाळ हद्दीवरून चालवा, रोज त्याच वाटेने. चावायला जाड हाड किंवा लाकूड द्या. शिजवलेल्या कोंबडीची हाडे नकोत, ती टोकदार फुटतात. खच्चीकरण किंवा नसबंदी कधी करायची हे पशुवैद्याला विचारून ठरवा. त्याने भटकणे कमी होते, आणि हद्द सोडून गेलेला राखणदार म्हणजे उघडे खुराडे.

दिवसभर साखळीला बांधून ठेवणे हा यावरचा उपाय नव्हे. समोर कोंबड्या नाचताहेत आणि आपल्याला हलता येत नाही, अशा अवस्थेत कुत्र्याची चिडचीड साचत जाते आणि साखळी सुटली की ती कोंबड्यांवर निघते. बांधावेच लागले तर थोडा वेळ, आणि कोंबड्या दिसणार नाहीत अशा जागी. मोठा बंद कप्पा साखळीपेक्षा केव्हाही बरा.

टप्पा ८. आधी रात्रीची राखण

इथे लोक क्रम उलटा लावतात. दिवसा मोकळ्या कोंबड्यांमध्ये राहणे ही सर्वांत अवघड परीक्षा. रात्री बंद खुराड्याभोवती फिरणे त्यामानाने सोपे. म्हणून दहा-बारा महिन्यांचा, पुरेसा दांडगा झालेला कुत्रा आधी रात्रपाळीला लावा. अंधार पडण्याआधी कोंबड्या मोजून आत घ्या, खिट्टी लावा, आणि मगच कुत्रा बाहेरच्या कुंपणाच्या आत मोकळा सोडा. सकाळी उलट क्रम: आधी कुत्रा कप्प्यात, मग खुराड्याचे दार.

त्याची बसायची जागा पहिल्या टप्प्यात सापडलेल्या मागाच्या बाजूला ठेवा, पाऊस-उन्हापासून आडोसा आणि पाणी देऊन. हद्दीलगतचे गवत कापलेले ठेवा: शिकाऱ्याला लपण कमी आणि कुत्र्याला साप चावण्याचा धोकाही कमी. रात्री भुंकला म्हणून ओरडू नका. जाऊन पाहा, काही नसेल तर शांतपणे परत या. पहिले काही महिने तो पाचोळ्यावरही भुंकेल, पुढे निवड करू लागेल.

तपासा: सकाळी कुत्र्याचे अंग हाताने चाचपा. केसांखालचा लहान चावा नजरेला दिसत नाही. कुठल्याही रानटी किंवा मोकाट जनावराचा चावा असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा, हातमोजे घालून, आणि त्याच दिवशी पशुवैद्य गाठा, लस आधी दिलेली असली तरीही.

ऑस्ट्रेलियात वॉर्नंबूलजवळच्या मिडल आयलंड या बेटावर २००६ मध्ये मारेम्मा कुत्री लहान पेंग्विनांना कोल्ह्यांपासून राखायला ठेवली गेली. २०१७ मध्ये खराब समुद्रामुळे कुत्र्यांना बेटावर नेता आले नाही, आणि तेवढ्यात कोल्ह्यांनी शंभराहून जास्त पेंग्विन मारले. कुत्र्याचा दरारा तो हजर असेपर्यंतच असतो. दोन रात्री त्याला दुसरीकडे नेणार असाल तर त्या दोन रात्रींची व्यवस्था आधी करा.

टप्पा ९. दिवसाची मोकळीक, थोडी थोडी

दीड वर्षानंतर, मागच्या तीन महिन्यांत एकही पाठलाग झाला नसेल तर, माणूस नसताना सोडायला लागा. पहिल्यांदा पंधरा मिनिटे, तुम्ही लपून पाहत असताना. मग अर्धा तास, मग दुपार. दुपार निवडण्याचे कारण असे की त्या वेळी कोंबड्या आणि कुत्रा दोघेही सावलीला सुस्त असतात. खाद्य टाकण्याची वेळ सर्वांत शेवटी, कारण तेव्हा धावपळ आणि फडफड सर्वांत जास्त.

नवीन तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) किंवा कोंबडीची पिल्ले आणली की कुत्र्याच्या दृष्टीने ते परके पक्षी असतात. जुन्या कोंबड्यांना तो सांभाळतो म्हणून नव्यांनाही सांभाळेल असे धरू नका. आठवडाभर पुन्हा जाळीआडची ओळख, मग दोरी. बदके, टर्की यांच्या बाबतीतही हेच.

कोंबड्याच्या धोक्याच्या आरोळीकडे कुत्रा मान वळवू लागला की समजा जोडी जुळली. घार दिसताच कोंबडा आवाज देतो, कोंबड्या आडोशाला पळतात आणि कुत्रा उघड्यावर येऊन भुंकतो. यासाठी आडोसा मात्र हवा: झुडपे, मांडव, उलटी टोपली, काहीही.

कुत्र्याने कोंबडी मारलीच तर

आधी खात्री करा. मेलेल्या कोंबडीपाशी कुत्रा उभा असणे हा पुरावा नाही. शिकाऱ्याला हुसकावून तो तिथे थांबलेला असू शकतो. कोंबडी ओली, लाळेने माखलेली, पिसे उपटलेली पण मांस न खाल्लेली असेल तर संशय कुत्र्यावर घ्या. काही न बोलता कोंबडी उचला, कुत्र्याला कप्प्यात न्या आणि दोन टप्पे मागे जा: मोकळीक बंद, पुन्हा लांब दोरी, किमान महिनाभर. कुठल्या वेळी, कुठल्या कोंबडीबाबत, कशामुळे झाले ते वहीत लिहा. पुष्कळदा एकच कारण निघते, जसे वाडगा उघड्यावर राहिला किंवा फिरवणे चुकले.

दोन वर्षे उलटूनही माणूस नसताना पाठलाग करत असेल तर त्याला मोकळ्या कोंबड्यांमध्ये ठेवण्याचा हट्ट सोडा. असा कुत्रा टाकाऊ नसतो. दोन कुंपणांच्या मधल्या पट्ट्यात, कोंबड्या आत आणि तो बाहेर अशा रचनेत, तो आयुष्यभर उत्तम राखण करतो.

टप्पा १०. दुसरा कुत्रा

पहिला कुत्रा चार-पाच वर्षांचा, पूर्ण भरवशाचा झाला की दुसरे पिल्लू आणायची वेळ येते. त्याहून लवकर आणले तर अर्धवट शिकलेला मोठा धाकट्याला पाठलाग शिकवतो. फार उशीर केला तर म्हाताऱ्याला पिल्लाचा धुडगूस सोसत नाही. जुना कुत्रा पिल्लाला कोंबड्यांपासून गुरगुरून मागे सारतो तेव्हा मध्ये पडू नका. जाळी, दोरी आणि रात्रपाळी हे टप्पे दुसऱ्यालाही पूर्ण करायला लावा. मोठ्याच्या सोबतीने ते थोडे लवकर उरकतात एवढेच.